मठखेड्याची सात कुंडे आणि एक खापर

त्या सकाळी मी बिबड्या घालत होते. ज्वारीचे आंबवलेले पीठ पहाटेच पातेल्यात घाटून झाले होते, शेजारच्या दोघी हाताखाली आल्या होत्या, आणि खाटेवर ओले लुगडे अंथरून आम्ही ऊन चढायच्या आत एकेक बिबडी थापत होतो. मास्तर, म्हणजे माझे यजमान, दारात उभे राहून म्हणाले, "आज रविवार आहे. मठखेड्याला चल. गाडी सांगतो. तिथे एक गोष्ट आहे, ती मला कळत नाही. तुला बघितल्याबरोबर कळेल."

मी म्हटले, "पडक्या भिंती कुठे पळून जातात का? पीठ मात्र उद्यापर्यंत नासेल."

शेजारणी हसल्या. तेही हसले आणि सायकल घेऊन एकटे गेले. त्या पावसाळ्यात तापाचे निमित्त होऊन ते वारले. भिंती कुठे पळाल्या नाहीत.

याला आठ वर्षे झाली. तेव्हा आम्ही शिंदखेड्याला शाळेच्या नोकरीवर होतो. आता मी जळगावला भावाकडे असते. मठखेडे हे शिंदखेड्याहून तीन कोसांवरचे लहान गाव. गावाबाहेर एक जुना मठ पडून आहे आणि मास्तर दर सुट्टीला त्याची मोजमापे घेत. त्यांच्या माघारी त्यांची कागदांची पेटी माझ्याकडे आली. मला वाचायला कुणी शिकवले नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मी अक्षरे लावली, आणि एक दिवस मास्तरांना त्यांचेच पत्र वाचून दाखवले तेव्हा त्यांच्या हातातला पेला कलंडला. पेटीतले सगळे मी तीनतीनदा वाचले आहे. तेवढे वाचायला वेळ भरपूर होता.

पेटीत मठाचा नकाशा आहे. चौक, अकरा खोल्या, देऊळ, बारव, सगळे काळ्या शाईने रेखलेले. पश्चिमेची लांब ओवरी तेवढी पेन्सिलीने. तीत सात गोल, प्रत्येक गोलाच्या काठावर तीन ठिपके. बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे: "स्वयंपाकघर असावे. पण काठावरचे हे तीन उंचवटे आत का कलले आहेत? खात्री झाली की शाई करू." नकाशा उलटासुलटा करून मी पुष्कळदा पाहिला. कागदावरच्या ठिपक्यांवरून मला काही कळले नाही. मास्तर म्हणाले होते बघितल्यावर कळेल, आणि मी बघितले नव्हते.

जळगावात जुन्या इतिहासाची आवड असलेल्या सभ्य गृहस्थांचे एक मंडळ आहे. ते महिन्यातून एकदा जमते, चहा घेते आणि एखाद्या राजाचे गोत्र ठरवून उठते. यंदा त्यांच्या मनात मठखेडे भरले. त्या सात गोलांना त्यांनी यज्ञकुंडे ठरवले, "प्राचीन यज्ञशाळा" असे कोरलेली संगमरवरी शिळा करवून घेतली, आणि ती बसवताना एका कुंडात होम करायचा बेत केला. नकाशा छापायचे ठरले तेव्हा कुणाला तरी मास्तरांची आठवण झाली. मंडळाचे चिटणीस आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, नकाशा आम्हांला द्या. मास्तरांचे नाव अमर होईल."

"आणि ओवरीत काय लिहाल?" मी विचारले.

"यज्ञशाळा. दुसरे काय?"

"त्यांनी स्वयंपाकघर लिहिले आहे."

"पेन्सिलीने," चिटणीस म्हणाले. चष्म्यातून त्यांना तेवढे बरोबर दिसले होते.

मी म्हटले, "मला आधी जागा पाहू द्या. मग नकाशा देते." माझी अट ऐकून त्यांना हसू आले. पण नकाशा माझ्या मांडीवर होता, म्हणून माझे नाव सहलीच्या यादीत गेले.

तुम्हांला जायचे असेल तर जळगावहून अमळनेरवरून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि शिंदखेड्याला उतरा. तिसऱ्या वर्गात उजवी बाजू धरा, डावीकडे दुपारभर ऊन येते. होळीच्या आधीचे पंधरा दिवस चांगले. त्यानंतर लू लागते आणि मठाच्या दगडाला हात लावता येत नाही. आमच्याबरोबर चिटणीस होते, नानासाहेब वकील होते, भटजी होते, एक आचारी होता आणि मंडळाचे दहाबारा सभासद. सतरंजी, समिधा, तुपाचा डबा आणि पोत्यात गुंडाळलेली शिळा, एवढे सामान. अमळनेर येईपर्यंत गाडीत वाद पेटला होता. चिटणिसांच्या मते कुंडे सात आहेत, कारण सप्तर्षी. वकिलांच्या मते नऊ, कारण नवनाथ.

"पण आहेत किती?" समोरच्या बाकावरच्या एका कापूस दलालाने विचारले.

"तोच तर वाद आहे," वकील म्हणाले.

"मग मोजा की."

त्यावर दोघेही त्याच्याकडे असे बघू लागले की बिचाऱ्याने पुढच्या स्टेशनावर डबा बदलला.

शिंदखेड्याचे स्टेशन आहे तसेच आहे. फलाटावरच्या ज्या पिंपळाला मास्तर सायकल टेकवत त्याला आता पार बांधला आहे. मी तिथे जरा उभी राहिले. मग निघाले, कारण सामान मोजायला माणूस कमी पडत होता. रात्रीला धर्मशाळा बरी, पण अंथरूण आपले न्यावे. शेजारची बाई जेवण घालते. तिने वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. मी पोटभर जेवले. चिटणीस मूळचे पुण्याकडचे. त्यांनी ठेच्याला बोट लावले आणि तांब्याभर पाणी पिऊन खानदेशी माणसाच्या शौर्यावर चार शब्द बोलले.

सकाळी तीन गाड्या निघाल्या. गाडीचे जाऊन-येऊन दोन रुपये घेतात, बुराई नदीच्या वाळूत बैल दमतात म्हणून. आमच्या गाडीवानाला सगळे दौलतआबा म्हणत. वाटेत आचाऱ्याने पुरण आणि भिजवलेली कणीक मांडीवर धरून ठेवली होती, तूप वकिलांनी धरले होते. नदी ओलांडल्यावर आचारी एकदम ताठ बसला.

"तवा?" तो म्हणाला.

तवा धर्मशाळेत राहिला होता. परत जायला वेळ नव्हता, मुहूर्त टळला असता. चिटणीस म्हणाले, "बघू, होमानंतर काहीतरी होईल." शास्त्रावर त्यांचा फार भरवसा.

मी आबांना विचारले, "मठात ती गोल खड्ड्यांची ओवरी आहे, तिला गावात काय म्हणतात?"

"भीमनी चूल," आबा म्हणाले. "पांडव आठे व्हतात. भीमले सात चुला लागेत." आठे म्हणजे इथे.

वकील मागून म्हणाले, "या लोकांना सगळीकडे पांडवच दिसतात." आणि पुन्हा नवनाथांकडे वळले.

मठ गावाच्या पश्चिमेला, टेकाडाच्या अंगाला आहे. आधीच सांगते, फार मोठे काही डोळ्यांपुढे आणू नका. देवळाचे शिखर गेले आहे, खांब राहिले आहेत. खांबांच्या घडणीवरून मठ यादवांच्या वेळचा असावा असे मास्तरांनी लिहून ठेवले आहे. चौकाभोवतीच्या अकरा खोल्यांपैकी चारांवर छप्पर आहे, आणि त्यांत आता शेळ्या असतात. प्रत्येक खोलीत एकच माणूस कसाबसा आडवा होईल. बारवेला पाणी आहे, पण मचूळ. पिण्याचे पाणी गावातून घ्या. उरलेला मठ पाहायचा असेल तर गावातच फिरा. चावडीची पायरी मठाची, पाटलाच्या गोठ्याचा उंबरा मठाचा, आणि एका घरापुढे तर नक्षीच्या खांबाला म्हैस बांधलेली होती. म्हैस कुणाही सभासदाइतकीच गंभीर होती.

मास्तरांचे म्हणणे असे होते की तापीच्या उताराकडून घाटाकडे जाणारी जुनी बैलांची वाट या टेकाडाखालून जात होती. लमाण, व्यापारी, गोसावी सगळे इथे मुक्काम करीत, आणि मठातले साधू त्यांना जेवू घालीत. खोल्या अकरा, बारव मात्र शंभर माणसांना पुरेल एवढी, यावरून त्यांनी हे ताडले होते. त्यांनी हे तेव्हाच मंडळाला कळवले होते, पण मंडळाला पटले नव्हते. एवढे मोठे तपस्वी पंक्ती वाढतील कशाला, असे चिटणिसांनी लिहून कळवले होते. ते पत्रही पेटीत आहे.

ओवरीपाशी पोहोचलो. गोल सातच होते. वकिलांनी पडलेल्या खांबांच्या दोन बैठका धरून नऊ केले. मधल्या गोलापाशी सतरंजी पसरली होती. मंडळाने आठ दिवस आधी माणूस पाठवून तो गोल साफ करून घेतला होता. प्रत्येक गोलाला पूर्वेच्या अंगाने एक तोंड आहे, हात आत जाईल एवढे. कुंडाला असे तोंड शोभत नाही म्हणून या मधल्या गोलाचे तोंड विटा आणि चिखलाने बंद केले होते. वर चारी बाजूंनी विटा रचून त्याला चौकोनी आकारही दिला होता. शास्त्रात कुंड जसे हवे तसे ते आता झाले होते.

भटजींनी हळूच सुचवले की होमासमोर मी नको. नकाशा मात्र समोर हवा होता. म्हणून नकाशा पाटावर ठेवला आणि मला कडुलिंबाखाली. मला त्याची सवय आहे. सावली चांगली होती.

होम सुरू झाला. समिधा पडल्या, तूप पडले, आणि धूर निघू लागला. जाळ काही निघेना. भटजींनी आणखी तूप घातले. धूर आणखी वाढला. तो वर जाईना, सतरंजीवरच्या मंडळींच्या मांडीवर येऊन बसला. चिटणीस भाषणाला उभे होते. "आपल्या पूर्वजांचे हे तेज," एवढे म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मागच्यांना वाटले, पूर्वजांच्या आठवणीने. त्यांतल्या दोघांनी रुमालही काढले. मग त्यांनाही ठसका लागला.

मला नकाशा दिसेनासा झाला. मी उठले, लुगड्याचा पदर नाकाला लावला आणि सरळ सतरंजीवरून जाऊन पाटावरचा कागद उचलला. सगळ्यांचे डोळे मिटलेले असल्यामुळे मला कुणी अडवले नाही.

याच वेळी गावातली भुराबाई पाण्याचा हंडा घेऊन आली होती. मंडळींना पाणी द्यायचे काम पाटलांनी तिच्यावर सोपवले होते. ती हंडा कमरेवर धरून जरा वेळ बघत राहिली.

"चूलनं तोंड बांधी टाकं," ती म्हणाली, "मंग धूर कोठे जाई?"

चिटणीस खोकत म्हणाले, "बाई, ही चूल नव्हे. कुंड आहे."

"व्हई तुम्हनं कुंड. धूरले काय माहीत?"

दौलतआबांनी बैलांच्या चाबकाची काठी घेतली आणि तोंडातल्या विटा बाहेर ओढल्या. क्षणभर काही झाले नाही. मग खालून हवा शिरली आणि जाळ असा भडकला की भटजी मागे सरकले.

"अग्निनारायण प्रसन्न झाले," भटजी म्हणाले.

मी तोवर दोन गोल ओलांडून शेवटच्यापाशी पोहोचले होते. तिथे कुणी नव्हते. मी त्याच्या तोंडाशी बसले, जशी घरी चुलीपुढे बसते तशी. बसल्याबरोबर माझा उजवा गुडघा एका खळग्यात गेला. दगडात खळगा होता, झिजून गुळगुळीत झालेला. चुलीच्या पलीकडे पश्चिमेची भिंत होती, तिच्यामुळे वारा लागत नव्हता. डाव्या हाताला उतरता दगडी ओटा, पाणी जायला पन्हळ ठेवलेला. आणि समोर काठावर ते तीन उंचवटे, आत कललेले.

साध्या चुलीपेक्षा तो गोल दीडपट रुंद होता. त्यावर भांडे ठेवले तर आत पडेल. म्हणूनच मास्तर अडले होते. ते देशावरचे. त्यांच्याकडे पुरणाची पोळी तव्यावर होते. इथला मांडा त्यांना ताटातच भेटे, आणि ज्या दिवशी आम्ही बायका मांडे करीत असू त्या दिवशी पुरुषांना चुलीकडे फिरकू देत नसू. वकील तर खानदेशातच जन्मलेले, पण मांडा कशावर भाजतात हे त्यांना विचारले असते तर त्यांनी नवनाथांपैकी एखाद्याचे नाव घेतले असते.

मी भुराबाईला हाक मारली. "तुमच्याकडे खापर आहे का? मांड्याचे?"

"होळी तोंडवर वनी, अक्का," ती म्हणाली. "खापर नही ते काय?"

ती घरून खापर घेऊन आली. हे मातीचे मोठे, बुडाशी गोल असलेले भांडे. ते चुलीवर पालथे घालतात आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडा टाकतात. आम्ही दोघींनी ते धरून गोलावर पालथे घातले. तीन उंचवट्यांवर ते असे बसले की हलवूनही हलेना. उंचवटे कलले होते ते खापराच्या काठाला धरायला. मी हात काढून घेतला आणि तशीच बसून राहिले.

भुराबाईने माझ्याकडे पाहिले. "काय व्हयनं, अक्का?"

"काही नाही," मी म्हटले. "आमच्या मास्तरांनी विचारले होते."

"मास्तर? सायकलवाला? ते आठेच बठेल राहेत. एक डाव माले पुसं, हाई काय शे. मी सांगं, भीमनी चूल. ते हसनात."

तर असे. विचारायच्या जागी त्यांनी विचारले होते, उत्तर मिळाले होते, आणि उत्तरात भीम होता म्हणून ते हसले. मला त्यांचा जरा राग आला. आठ वर्षांत पहिल्यांदाच आला, आणि बरे वाटले.

तिकडे होम संपला, शिळा लागली, आणि सगळ्यांना एकदम भूक लागली. आचारी पुरण आणि कणीक घेऊन तोंड लपवत बसला होता. भुराबाईने त्याच्याकडून परात ओढून घेतली, कणकेला पाणी लावून ती सैल होईपर्यंत आपटली, पुरण भरून दोन्ही हातांवर मांडा असा फिरवला की सभासद बोलायचे थांबले. मी जाळ घातला. खापर तापले. मांडा पडला, फुगला, उतरला. आणखी दोन गोल पेटवले, पाटलांच्या घरून दोन खापरे आली, आणखी दोघी बायका आल्या. त्या ओवरीत आम्ही चौघी बसलो होतो आणि कुणाचाही कोपर कुणाला लागत नव्हता. बांधणाऱ्याने अंतर विचार करून ठेवले होते.

सतरंजीवर पंगत बसली. चिटणिसांनी तीन मांडे खाल्ले. चौथा वाढताना मी म्हटले, "चिटणीससाहेब, हे स्वयंपाकघर आहे."

"हा यज्ञाचा प्रसाद आहे, बाई."

"खापर बसले ते पाहिलेत ना?"

इथे वकील धावून आले. "उलट त्याने यज्ञच सिद्ध होतो. यज्ञात पुरोडाश म्हणून एक पदार्थ असतो. तो मातीच्या कपालांवर भाजतात. हा तोच." असे म्हणून त्यांनी पुराव्यावर तूप वाढून घेतले.

चिटणीस जरा मऊ आवाजात म्हणाले, "समजा, असेल स्वयंपाकघर. पण मठाचे स्वयंपाकघर म्हणून शिळा लावली तर ते पाहायला कोण येईल?"

"जेवाले येतीन," भुराबाई म्हणाली आणि पुढचा मांडा फिरवायला घेतला.

पंगतीत कुणीतरी हसले. चिटणीस हसले नाहीत. निघताना त्यांनी हात पुढे केला. "आता जागा पाहिलीत. नकाशा?"

"उद्या पाठवते."

"पेन्सिलीचे आम्ही बघून घेऊ. यज्ञशाळा म्हणून शाई करून घेऊ."

"तुम्हांला कशाला त्रास," मी म्हटले. "शाई मी करून पाठवते."

परतीच्या गाडीत सगळे झोपले. वकिलांच्या धोतरावर काजळीचा गोल उमटला होता. मी खिडकीशी बसले. तुम्ही मठखेड्याला गेलात तर शिळा दिसेल, चौकाच्या तोंडाशीच आहे, अक्षरे सुबक आहेत. ती वाचा आणि तसेच पुढे पश्चिमेच्या ओवरीत जा. शेवटच्या चुलीपुढे बसा. गुडघा आपोआप खळग्यात जातो. ज्यांच्या गुडघ्यांनी तो दगड झिजला त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. जेवून गेले त्यांचीही नाहीत. मला एवढेच वाटत राहिले की त्या रविवारी बिबड्या दुपारपर्यंत वाळल्या असत्या. शेजारणी होत्याच. मी गेले असते तर मास्तरांचे काम दोन मिनिटांत झाले असते, आणि येताना आम्ही बुराईच्या वाळूत बसून शिदोरी खाल्ली असती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळचे दळण आटोपले, हात धुतले, दौत उघडली आणि पश्चिमेची ओवरी शाईने काढली. सात गोल काढले, एकवीस ठिपके दिले, आत "स्वयंपाकघर" असे लिहिले, आणि शाई वाळल्यावर नकाशा चिटणिसांकडे पाठवून दिला.